डागाभोवती पेन्सिल फिरवा

आधी काच धुवा. साबणानं, मग स्पिरिटनं. धुतल्यावर कडेनं धरा, काचेच्या तोंडावर बोट लागू देऊ नका. बोटाचं तेल राहिलं की वर दिलेला सिलिकाचा पांढरा थर तिथनं सुटतो.

बनुबाईला कडेनं धरलं नव्हतं. केसांनी धरलं होतं, मुळापासून, आणि छगननं केसांचे मनगटाला वेढे देऊन हिसका मारला तेव्हा टाळूची कातडी केसांसकट उचलून आली.

कॉलेजची प्रयोगशाळा नगरला आणि आई, बनुबाई, पार खर्ड्याकडच्या वाडीत लिंबाच्या खोडाला बांधलेली. पण गोरक्षाच्या डोक्यात दोन्ही एकाच जागी चाललं होतं. शमुवेल सर समोर उभे राहून बोलत होते आणि तो कालचा दिवस बघत होता.

सरळ सांगायचं तर असं झालं होतं. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या टोळीला बनुबाई भाकरी थापून द्यायची. पीठ रेशनच्या लाल ज्वारीचं. काल टोळी जेवली आणि थोड्या वेळानं एकेकाच्या जिभेचं लाकूड झालं, बुबुळं फाकून डोळे काळेभोर झाले. भीमानं सगळ्यांत जास्त खाल्लं होतं. तो हवेतले दोरे वेचायला लागला, "मुंग्या, मुंग्या" करत धावत सुटला आणि दगडाच्या खाणीत उलटा पडला. वर काढला तेव्हा त्याला डोकं म्हणावं असं काही उरलं नव्हतं. बनुबाईची एकादशी होती, तिनं घास तोडला नव्हता. लोकांना तेवढं पुरलं.

भीमाचा थोरला भाऊ छगन. त्यानं घणाच्या दांड्यानं तिचा डावा हात कोपराखाली मोडला. सरपण मोडावं तसा आवाज झाला. गोरक्ष आडवा पडला तर तोच दांडा त्याच्या बरगडीत बसला.

"धोतरा हाय त्यो, छगनतात्या! डोळं बघा समद्यांचं! रेशनच्या ज्वारीतनं आलाय!"

"ज्वारीतनं? का तुझ्या आयेच्या वट्यातनं?" छगन म्हणाला. "सायन्स शिकतूस न्हवं? जा, आन तुझ्या कालिजातनं पुरावा. उंद्या दिस बुडला की हिला त्याच खानीत टाकतो. फौजदार येतूय, त्याला दोन मुडदं एकदमच दावू."

जामखेडचा फौजदार कालपासून येतच होता.

रेघ पेन्सिलीनं ओढा, शाईनं नाही. शाई सॉल्व्हन्टबरोबर वर चढते आणि नसलेला पदार्थ दिसायला लागतो. हलकी ओढा, थर खरवडला की संपलं.

गोरक्षानं रेघ ओढली. रेघेवर तीन जागा: पहिली कॉलेजमागच्या उकिरड्यावरच्या धोतऱ्याच्या बियांना, दुसरी रेशन दुकानाच्या दारात सांडलेल्या ज्वारीला, तिसरी आईच्या डब्यातल्या पिठाला. तिन्हींचा अर्क क्लोरोफॉर्ममध्ये काढून गाळून ठेवला होता.

"शेजारी ओळखीचा ठिपका नसेल तर अनोळखी ठिपक्याला काही अर्थ नाही," सर म्हणाले. "अर्काची केशनळी टेकव, दाबू नकोस. ठिपका मोहरीएवढा. वाळू दे. आता परत त्याच जागी. घाई केलीस की पसरला."

खालच्या फडक्यात आईचा मोडका हात बांधला होता. नाही, फडक्यात पीठ होतं.

काच बरणीत उभी केली की तळचा सॉल्व्हन्ट रेघेच्या खालीच राहिला पाहिजे, नाहीतर ठिपके वर चढायच्या ऐवजी विरघळून जातात. आत फिल्टर पेपर लावा. झाकण घट्ट. हलवू नका, उघडून बघू नका, तो आपल्या गतीनं चढतो.

तो आपल्या गतीनं चढत होता. ओली कड पांढऱ्या थरातनं मुंगीच्या पावलानं वर सरकत होती आणि गोरक्षाला ती बरणी भिंतीवर फोडावीशी वाटत होती. श्वास घेतला की बरगडी आतून टोचायची. दिवस बुडायच्या आत पोचायचं तर दुपारची एसटी चुकून चालणार नव्हती.

काच काढली, ओली कड पोचली होती तिथं वर दुसरी रेघ ओढली, काच वाळवली, आयोडीनच्या बरणीत ठेवली. जांभळी वाफ. आणि मग तीन तपकिरी डाग, एकाच उंचीवर, तिळ्या भावंडांसारखे.

"उंची एक म्हणजे पदार्थ एक. हा तुझा धोतरा," सर म्हणाले. "डागाभोवती पेन्सिल फिरव. आयोडीन उडून जातं."

हे वाक्य तो दर प्रॅक्टिकलला ऐकत आला होता. प्रॅक्टिकलला काच जागच्या जागी बघायची, जर्नलात उतरवायची आणि धुवून टाकायची. कुणाच्या काचेला आजवर एसटीत बसावं लागलं नव्हतं. त्यानं काच वर्तमानपत्रात गुंडाळली आणि स्टँडकडे धावत सुटला. पेन्सिल टेबलावर राहिली.

लिंबाखाली सगळी वाडी जमली होती. बनुबाईची मान छातीवर पडलेली, ओठावर रक्त वाळलेलं, पण श्वास चालू होता. गोरक्षानं सगळ्यांसमोर कागद उलगडला.

काच पांढरी होती. वर रेघ, खाली रेघ, मध्ये काही नाही.

"ह्यो पुरावा?" छगननं काच हातात घेतली. "चुना दिसतूय."

"पानाला लावा, तात्या!" मागनं कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

"हुते डाग! मी बघितलेत, सरांनी बघितलेत! आयोडीन उडालं..."

"व्हय, माजा भाऊबी उडालाच की." छगननं काच गुडघ्यावर मोडली आणि अर्धा तुकडा गोरक्षाच्या गालावरून ओढला, कानापासून हनुवटीपर्यंत. हलकी रेघ नव्हे, आरपार. मग तो बनुबाईचे दोर सोडायला वळला, खाणीकडे न्यायला.

गोरक्षाच्या तोंडात रक्त आलं, आणि रक्ताबरोबर सरांचं वाक्य. ओळखीचा ठिपका.

"तात्या! तुमच्या घरची रेशनची ज्वारी कुठंय?"

"आमी लाल खातू व्हय? आमच्या कणगीत घरची हाय अजून. लाल ती ढोरांची. पोत्याची शिवनबी उसवल्याली न्हाई."

"मग उसवा. मनकर्णाकाकू दळतील. आमच्या आयेचा हातसुदिक लागनार न्हाई. मी खातो. मला काय झालं न्हाई तर आदी मला टाका खानीत."

लोक छगनकडे बघायला लागले. छगनला नाही म्हणता येईना. त्याच्या बायकोनं, मनकर्णानं, पोतं उसवलं, ओसरीवरच्या जात्यावर दळलं. गोरक्षानं पीठ पाण्यात कालवून ओंजळीनं गिळलं. लाल चिखल. घशात बसला, ठसका लागला, गालाच्या चिरेतनं बाहेर आला. त्यानं परत गिळलं.

झाकण घट्ट. उघडून बघू नका.

छगन दांडा मांडीवर घेऊन समोर बसला. "काय हुईना की रं."

"थांबा. चढायला येळ लागतो."

ऊन लिंबाच्या शेंड्यावर गेलं. आधी जीभ गेली. मग उजेड फार झाला, मावळतीचा उजेड डोळ्यांत सुया घालायला लागला. मग हवेत दोरे. पांढरे, बारीक, सगळीकडे, आणि ते वेचायलाच हवे होते, कारण आई त्यातल्या एकानं...

मनकर्णानं त्याची हनुवटी वर उचलली. "आवं, डोळं बघा! भीमाभावजींसारखं झालं! आपल्या पोत्यातलं हाय ओ हे!"

छगन वाकला. एक बुबुळ बघितलं, दुसरं बघितलं. मग उठला, आणि दांडा त्याच्या हातातच होता.

"राधाकिसन कुठंय?"

राधाकिसन रेशन दुकान चालवायचा. गोरक्षाला सांगायचं होतं की पोती सरकारी गोदामातनंच शिवून येतात, तो नुसती वाटतो, त्याला मारू नका, ठिपका त्याचा नाही. पण लाकडाची जीभ हलली नाही. वाडीतली माणसं एका अंगानं, एका कडेनं, ओली कड सरकावी तशी दुकानाकडे चढत गेली. लिंबाखाली कुणी उरलं नाही. बनुबाईला सोडायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

गोरक्ष गाठ सोडत होता. सुटतच नव्हती.

"गोरख्या," आई म्हणाली. "हवेत काय सोडतूयास, मुडद्या? गाठ माज्या पाठीमागं हाय. खाली. आनखी खाली. व्हय, ती. दात लाव."

त्यानं दात लावले. दुकानाकडून फळ्या मोडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ फळी नसलेलं काहीतरी मोडल्याचा.

दोर सैल झाला. बनुबाईनं धड हात सोडवून घेतला, पोराचं मुंडकं मांडीवर दाबलं आणि दोन बोटं त्याच्या घशात मुळापर्यंत घातली.

"वक," ती म्हणाली. "समदं वक."