वाळूचा मामा आणि बावीस पायऱ्या

"कायदा मंजूर झाला ना, की पहिली गच्छंती मामाची. मग नवीन..." ड्रायव्हरकाका एवढं बोलले आणि बंबाचं इंजिन धडधडायला लागलं. नवीन काय, कधी, कुणी सांगितलं, सगळं त्या आवाजात बुडालं. माझा जीव टांगणीला लागला.

तो मामा म्हणजे मीच. अग्निशमन केंद्रातला सरावाचा माणूस. होजपाइपच्या तुकड्यांचे हातपाय, ताडपत्रीचं पोट, आत ठासून वाळू. वजन ऐंशी किलो. ड्रायव्हरकाकांच्या बायकोनं दाभणानं शिवलं मला आणि बजावलं, "माझ्या माहेरचं माणूस समजा, नीट उचला." तेव्हापासून मी सगळ्यांचा मामा.

काम सोपं. सरावाच्या मनोऱ्यावर धुरात बेशुद्ध पडायचं, शिकाऊंनी मला खांद्यावर टाकून बावीस पायऱ्या उतरायच्या. उतरताना माणसं काय काय पुटपुटतात. कुणी सासऱ्याला बोल लावतो, कुणी गुडघ्याला. मला कान शिवलेले नाहीत, पण ऐकायचं मी काही सोडत नाही.

मधे माझी टाच उसवली. ती कुणाच्या ध्यानातच आली नाही. झाडणाऱ्या मावशी रोज सकाळी जिना झाडताना कुरकुरायच्या, "एवढी वाळू येते कुठून? साठवली असती तर माझं घर झालं असतं." ती वाळू माझी होती हो. मी रोज थोडा थोडा हलका होत होतो आणि सांगायला मला तोंड नाही.

इकडे शिकवणाऱ्या सरांच्या फळ्यावर जिना उतरायच्या वेळा कमी होत चालल्या. सर खूश. शिकाऊंतली सगळ्यांत बारकी पोर म्हणजे चिमणी. पहिल्या महिन्यात तिच्यानं मी जागचा हलत नव्हतो, आता ती मला घेऊन भराभर उतरायची. "चिमणीकडून शिका जरा," सर बाकीच्यांना टोमणा मारायचे. सोमवारपासून तिला बंबावर खरी ड्यूटी मिळणार होती. पण आगीत सापडलेला खरा माणूस काही टाचेतून गळत नाही.

तशात नवा कायदा करणारी मंडळी पाहणीला आली. अग्निशमनाच्या प्रशिक्षणाला सरकारनं पैसा द्यावा, असा तो कायदा. सरांनी खरं तर तुटकी शिडी, धुरात घालायचे विटलेले मुखवटे दाखवायला हवे होते. पण पाहुणे समोर आले की आपल्या माणसाला आपलं पोर मिरवायचा मोह होतोच. चिमणीनं मला झोकात खाली आणलं. पाहुण्यांतल्या एक बाई म्हणाल्या, "यांचं तर छान चाललंय की." सरांची छाती फुगली. माझी तेवढी आणखी रिकामी झाली.

काल गुरुवारी पत्र आलं. ड्रायव्हरकाकांनी मोठ्यानं वाचलं. "कायदा मंजूर. सरावाचे दिवस वाढवले, तेही भरपगारी. आणि सामान..." त्यांनी कागद उलटून पाहिला. "सामानाला काही नाही."

"का म्हणून?" सर म्हणाले.

"सराव उत्तम आढळला, असं लिहिलंय."

सोबत एक फॉर्म होता. त्यात सरावाच्या पुतळ्याचं वजन भरायचं होतं. सर म्हणाले, "लिही ऐंशी."

"वजन करून लिहा, असं छापलंय साहेब."

समोरच्या भंगारवाल्याचा काटा आणला. मी छप्पन्न भरलो. सरांनी मला उलटा केला, टाच पाहिली आणि आत जाऊन फळा पुसून टाकला.

"सर, मग मी इतके दिवस उचलत होते ते काय?" चिमणीनं विचारलं.

"अर्धपोटी मामा," काका म्हणाले.

आगीसाठी टांगलेल्या लाल बादल्यांतली वाळू माझ्यात भरली, टाच शिवली. आज सकाळी चिमणीनं मला दोनदा उचलायला पाहिलं, जमलं नाही. तिसऱ्यांदा खांद्यावर घेतलं आणि नवव्या पायरीवर ती मटकन बसली. "सोमवारी जाऊ का मी बंबावर?" तिनं बसल्या बसल्याच विचारलं. सरांनी वेळ मोजायचं घड्याळ खिशात टाकलं.

म्हणजे कायदा आला, पण नवीन मामा काही आला नाही. माझी गच्छंती टळली. एरवी मी खूश झालो असतो. पण पोरगी माझ्या ताडपत्रीवर धापा टाकतेय आणि मधे दोनच दिवस उरलेत.

ऊठ गं पोरी. अजून तेरा पायऱ्या राहिल्यात.