काझी सरांची कात्रणं

काझी सरांनी बातमीच्या कडेनं कात्री अशी फिरवली की एका अक्षरालाही धक्का लागला नाही. मग चष्मा वर सरकवून, कात्रण उजेडाकडे धरून ते म्हणाले,

"सांगू नकोस. मी ओळखतो. ही तुझी."

रुमानानं टोस्ट चहात बुडवला होता, तो कपातच राहिला. बातमी कळमन्याच्या बाजारात उन्हानं गेलेल्या एका हमालाची होती. वर नाव नव्हतं, नुसतं 'प्रतिनिधी'.

"शेवटचं वाक्य बघ. 'डब्यातली भाकर तशीच होती.' हे तुझ्याशिवाय कोण लिहिणार, बेटा?"

उन्मेषनं लिहिलं होतं. तिच्या जागी बसलेल्या पोरानं. वाक्य चांगलं होतं, आणि तेच तिला जास्त लागलं.

घरात बापलेकी हिंदी-उर्दूतच बोलत, पण पेपर हातात आला की अब्बू मराठीवर येत. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत मराठी शिकवलं होतं. 'काझी? आणि मराठी शिकवता?' असं विचारणाऱ्या प्रत्येक साहेबाला त्यांनी हसून चहा पाजला. उत्तर मात्र घरी जपून ठेवलं. लेकीचं नाव छापलेल्या बातम्यांची निळी फाईल, हेच ते उत्तर. अम्मी गेल्यावर त्या फाईलीशिवाय त्यांच्यापाशी दुसरं होतं तरी काय!

आणि नाव गेलं कशानं, तर एका विनोदानं. रुमाना दिवसा बातम्या लिहायची आणि सुट्टीच्या दिवशी रामदासपेठेतल्या एका कॅफेत माइकसमोर उभी राहून लोकांना हसवायची. भाड्याची खोली शोधण्यावरचा तिचा एक विनोद कुणीतरी मागचंपुढचं छाटून पसरवला. ऑफिसात फोनावर फोन. संपादक म्हणाले, काही दिवस नाव नको. तिनं घरी तसं खरंखरं सांगितलं, "अब्बू, आता सगळं 'प्रतिनिधी'च्या नावानं जातं." तीन आठवड्यांनी संपादक म्हणाले, तुम्हीही नको. हे मात्र तिला घरी सांगवेना. आज सांगू, उद्या सांगू करता करता चार महिने गेले. रोज दहाला ती डबा घेऊन निघायची, ती वाडीच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बिल्ट्या लिहायला. कुठला माल, किती नग, कुठे चालला.

सरांनी कात्रणावर लाल पेनानं तारीख घातली आणि कपाटातून संत्रा बर्फीचा डबा काढला.

"तोंड उघड. अशी बातमी रोज होत नाही."

तिनं तोंड उघडलं.

*

कॅफेचे शो पुष्कर लावायचा. रविवारी संध्याकाळी सहाला शो, आणि साडेपाचला त्यानं तिला जिन्यात गाठलं.

"हे पाय, मालक भेऊन राहिला. धर्म नाही, राजकारण नाही, पोलीस नाही. पेपरवाल्यांचंही नको. अन् तो खोलीवाला जोक तं बिलकुल नको."

"मंग बोलू काय गा मी? हवामान सांगू?"

"घरचं कर ना काही. मम्मी-पप्पा चालते." त्यानं आवाज खाली आणला. "रुमाना, पुण्यावरून माणूस आला आहे. बारा शहरांचा दौरा. इथून एकालेच नेणार. आज नाही जमलं तं मी तुले पुन्हा उभं करू शकत नाही वं. मालकानं साफ सांगितलं."

म्हणजे आज नाही, तर जन्मभर बिल्ट्या. तिनं मान हलवली आणि वर गेली.

पहिली दोन मिनिटं अशी गेली की वैऱ्यावरही येऊ नयेत. उन्हाळ्यावर बोलली, कुणी हसलं नाही. कूलरवर बोलली, तर कोपऱ्यात कुणीतरी जांभई दिली. पुण्याचा माणूस मोबाइल बघत होता. तिच्या हाताला घाम सुटला, माइक निसटायला लागला. तो दुसऱ्या हातात घेतला आणि मोकळ्या झालेल्या हातानं, तिच्याही नकळत, तिनं नाकावरचा नसलेला चष्मा वर सरकवला.

"सांगू नकोस," ती अब्बूंच्या किनऱ्या आवाजात म्हणाली. "मी ओळखतो. ही तुझी."

कुणीतरी फिसकन हसलं.

मग ती थांबलीच नाही. लेकीची नोकरी चार महिन्यांपूर्वी गेली, आणि बाप रोज सकाळी कात्री परजून बसतो. परक्याच्या बातम्या पोटच्या पोरीच्या म्हणून कापतो. "त्यांना वाटते, सारं नागपूर मला वाचून राहिलं. अन् मी वाडीत काय लिहून राहिली? दोन पोती. एक फाटलेलं." हॉल फुटला. "परवा तर त्या दुसऱ्या पोराच्या बातमीवर मला बर्फी भरवली. मी खाल्ली ना! आता त्या पोराले बर्फी परत करू कशी?" लोक टेबलं बडवत होते. एक बाई डोळे पुसत होती. पुण्याच्या माणसानं मोबाइल उचलला आणि तिच्यावर धरला.

एवढं कुणी तिला कधीच हसलं नव्हतं. खाली उतरताना तिला, खोटं कशाला बोला, आनंदच झाला होता.

"घेतलं तुले!" पुष्करनं तिचे खांदे हलवले. "तो पप्पावाला तुकडा उद्या नेटवर टाकून राहिले ते. दौऱ्याचं पोस्टरच ते."

"तो नको टाकू म्हणा. दुसरा कोणताही टाका."

"दुसरा होता कुठं? काहून, काय झालं?"

पुण्याचा माणूस दारात वाट बघत होता. तिला वाडीचं गोदाम आठवलं, भिंतीवरचा पंखा, कार्बनची काळी बोटं. अब्बूंकडे साधा फोन आहे, तिनं मनाला सांगितलं. त्यांना कोण दाखवतंय!

"काही नाही," ती म्हणाली. "टाकू द्या."

*

दाखवलं प्रेमिलाबाईनं. सरांच्याच शाळेत शिपाई होती, घंटा तीच द्यायची. आता शेजारी राहायची आणि सरांवर तिचा भारी जीव. मंगळवारी सकाळी ती नातवाचा मोबाइल घेऊन धावतच आली.

"सर, पाह्यलं का? आपली रुमाना! अवं माय, थेट तुमीच! चष्मा पाहा कसा सरकवते!"

रुमाना आत डबा भरत होती. बाहेरून तिला स्वतःचाच आवाज आला, आणि मागोमाग ते हसू. ती ओट्याला धरून उभी राहिली. बर्फीपर्यंत सगळं झालं. मग अब्बूंचा आवाज आला.

"पुन्हा लावा, प्रेमिलाबाई. मला एकदा सगळं नीट ऐकू द्या."

पुन्हा झालं. दोन्ही वेळा हसली ती प्रेमिलाबाईच. तिचा काय दोष? बिचारी कौतुकानं आली होती.

रुमाना बाहेर आली तेव्हा सर एकटेच होते. ती माफी मागणार होती, शब्द ओठांवर होते. पण त्यांनी "उशीर होईल तुला" म्हटलं आणि ती चपला घालून निघाली. त्या दिवशी गोदामात तिनं तीन बिल्ट्या चुकवल्या. रात्री जेवताना ते दौऱ्याबद्दल विचारत राहिले. पुणे लागेल का, नाशिक लागेल का, सोबत बाई माणूस कोण आहे. फाईलचं नाव त्यांनी काढलं नाही, तिनंही नाही.

बुधवारी पेपर आला. सरांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला, रोजच्यासारखाच. कात्री फाईलवर पडून होती. मग त्यांनी पेपर फिरवून तिच्यापुढे सरकवला.

"आज तूच सांग, बेटा. तुझी कोणती?"

तिनं वर पाहिलं. टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला बरं वाटलं असतं. मागच्या बाकावरच्या पोराला प्रश्न विचारून थांबावं, तसे ते थांबले होते. चहावर साय धरली. खरं बोलायला एवढा वेळ तिला चार महिन्यांत कधी मिळाला नव्हता.

तिनं चौथं पान उघडलं आणि खालच्या कोपऱ्यातल्या कुणाच्यातरी चार ओळींवर बोट ठेवलं.

"ही."

काझी सरांनी त्या चार ओळी वाचल्या. चष्मा वर सरकवायला हात उचलला, तिच्याकडे पाहिलं आणि हात तसाच खाली घेतला.

"छान लिहिली आहेस," ते म्हणाले, आणि त्यांनी कात्री उचलली.