पुलावर मेला, मेजवानीत हसला

सिनेमांचं चित्रीकरण चालतं त्या वर्झाझात गावातल्या माझ्या कॅफेत त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवरच्या पडद्यावरल्या सिनेमात राक्षसी पक्ष्यानं माझ्या धाकट्या भावाला, बास्सूला, पुलावर ठार मारलं होतं. आणि लगेच, त्याच रात्रीच्या विजयाच्या मेजवानीत, बास्सू खिदळत मांस खात होता!

"चूक झालीय," एक पोरगा म्हणाला.

"चूक कसली? राणीनं मंतरलेलं पाणी शिंपडलं की!"

"ते घोड्यावर शिंपडलं, गाढवा!"

सिनेमात किरकोळ कामं करणारा खरा बास्सू हिवाळ्यातच गेला होता. विहीर खणताना दरड कोसळली. त्याला मीच मातीत ठेवलं. तेव्हापासून मला काही वाटेनासं झालं होतं. चहा ओतायचो, पेले विसळायचो, इतकंच.

ताईत लिहून देणारा फकीह तय्यब उठला. "अरे आंधळ्यांनो, ही चूक नव्हे, खूण आहे! मेला आणि उठला, साऱ्यांच्या देखत! बास्सू परत यायला निघालाय. त्याच्या लेकीनं तेवढी शाळा सोडून माझ्या दर्ग्यात झाडलोट करावी, तो दारात उभा राहीपर्यंत."

बास्सूची बायको इझ्झा पांढऱ्या सुतकी कपड्यांत बसली होती. "पाठवते उद्यापासून," ती म्हणाली. आवाजात आशाही नव्हती.

मी म्हणालो, "इझ्झा, सिनेमात शेवटचं आधी घेतात, आधीचं शेवटी."

"तू होतास का तिथं, चहावाल्या?" फकीहनं विचारलं.

मी नव्हतो. पेले विसळायला लागलो.

"दादा, पुन्हा लाव," इझ्झा म्हणाली.

पुलावर बास्सू किंचाळला. वरचा पुढचा दात नव्हता. मेजवानीत हसला. दात होता.

"थांबव," इझ्झा म्हणाली. "तो दात उन्हाळ्यात बाजारातल्या दातवाल्यानं उपटला. डोकं मी धरलं होतं."

"पाहिलंत? नवा दातही फुटला!" फकीह ओरडला.

इझ्झानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बास्सूबरोबर सिनेमात कामं करणाऱ्या मोहाकडे वळली. "मोहा, तूही पुलावर मेलास, आणि इथं त्याच्याशेजारी जेवतोयस. तुला कोणी उठवलं?"

"जेवणाच्या सुट्टीनं, वहिनी," मोहा ओशाळून म्हणाला. "मेजवानी वसंतात घेतली, पूल पावसाळ्यापूर्वी, उन्हाळा सरताना. सगळं जोडून एका रात्रीचं म्हणून दाखवतात. मला ठाऊक होतं. पण फकीहच्या तोंडी कोण लागणार?"

कॅफेत हशा पिकला. फकीह तणतणत बाहेर पडला. मला हसू आलं नाही, रडूही नाही.

"पोर शाळेतच जाईल," इझ्झा म्हणाली.

पडदा बंद करायला मी हात पुढे केला.

"राहू दे, दादा. तो आलेला नाही, हे कळलंय मला. पण त्या दिवशी तो खरंच हसला होता ना? तेवढं बघू दे."

मंडळी, पडद्यावरचे दिवस कापून उलटे जोडता येतात, आपले येत नाहीत. मेलेला माणूस उठला असं कोणी सांगितलं, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: यातलं आधी काय घडलं? आणि ज्याला ठाऊक आहे, त्यानं मोहासारखं गप्प बसू नये.