ओले केस

तिने नळ पूर्ण सोडला, मान खाली घातली आणि डोकं धारेखाली धरलं. पाणी गार होतं. कानामागून एक ओघळ पाठीत शिरला तशी ती शहारली, पण मागे सरली नाही. केस मुळापर्यंत भिजायला हवेत. वरवर ओले केले तर घरी पोहोचेपर्यंत सुकतात, हे तिला आता अनुभवाने कळलं होतं. मग तिने पिशवीतून पोहण्याचा पोशाख काढला, तोही नळाखाली धरला, पिळला आणि टॉवेलात गुंडाळून पुन्हा पिशवीत टाकला.

कपडे बदलायच्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पलीकडच्या दारातून तलावावरचे आवाज येत होते. पाण्यावर हात आपटत होते, मधूनच शिट्टी वाजत होती, कुणीतरी दम खात खात हसत होतं. त्या दारातून ती अजून एकदाही पलीकडे गेली नव्हती.

पोहणं डॉक्टरीणबाईंनी सुचवलं होतं. रक्तदाब चढा, साखर काठावर आणि गुडघे जिना चढताना बोलायला लागलेले. त्या म्हणाल्या होत्या, आजार असा अजून काही नाही, पण असंच चाललं तर तो फार दूरही नाही. वेळेवर झोपा, रोज थोडा व्यायाम करा, पोहता येत असेल तर उत्तमच, आणि जेवण बसून करा. शेवटच्या सूचनेवर ती हसली होती. सासूबाईंना झटका येऊन त्यांची उजवी बाजू गेली, तेव्हापासून ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या उभ्याच जेवत होती. आतून हाक आली तर घास टाकून जाता यावं म्हणून. हाक म्हणजे तरी काय, पलंगाच्या कडेवर आपटलेला डावा हात. शब्द त्या झटक्यातच गेले होते.

नवरा वाईट नव्हता. बसच्या डेपोत मेकॅनिक होता, पहाटेची पाळी असायची, तरी रात्री आईची कूस तोच बदलायचा. दुपारी तो घरी परतला की ती दातांच्या लॅबमध्ये जायची, कवळ्या बनवायची. परक्या माणसांच्या जबड्यांचे साचे पुढ्यात घ्यायचे, मेणात एकेक दात बसवायचा, मग चाकावर धरून घासून पुसून चकचकीत करायचा. संध्याकाळी मान वर करायची म्हटलं तरी जीवावर यायचं. लेक शिकायला बाहेरगावी होती आणि फोनवर आईला व्यायामाचे व्हिडिओ पाठवायची. ती ते बघायची, आडवी पडून.

पण सकाळी सासूबाईंना सोडून पोहायला जायचं कसं? नवऱ्याने हे फोनवर सहज बहिणीला सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी ती दारात येऊन उभी राहिली. घरात तिला सगळे धाकटी म्हणत. पन्नाशीला आली तरी धाकटीच. ती म्हणाली, सकाळी मी येऊन आईजवळ बसत जाईन, वहिनीला जाऊ दे. चार गल्ल्या सोडून तर राहते मी.

दोघं नवराबायको एकमेकांकडे बघत राहिले. धाकटीने आईच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून सासूबाईंनी तिला कित्येक वर्षं दारात उभं केलं नव्हतं. सासऱ्यांच्या मागे येणंजाणं सुरू झालं खरं, पण ते पाहुण्यासारखं. बाहेरच्या खोलीत बसायचं, कपबशीतून चहा प्यायचा, हवापाण्याच्या गप्पा मारायच्या आणि उठायचं. सासूबाई समोर बसून ऐकायच्या, होला हो करायच्या. मायलेकींत काही उरलं असेल असं वाटायचं नाही.

पहिल्या दिवशी ती खरंच पोहायला म्हणून गेली होती. लहानपणी नदीत शिकलेलं, विसरणार थोडंच. बूट काढायला बाकावर टेकली आणि मग तिला उठता येईना. दुखत काही नव्हतं, चक्करही येत नव्हती. ती नुसती बसून राहिली. भिंतीवरच्या फरशीचा एक कोपरा उडाला होता, त्याच्याकडे बघत राहिली. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की इतक्यात कुणी हाक मारली नाही. कुणी काही मागितलं नाही. उद्या पोहू, असं म्हणून ती निघाली, आणि दारापाशी आल्यावर तिला कोरड्या केसांची आठवण झाली.

तो उद्या आलाच नाही. घरी परतली की धाकटी चहा टाकायची, ताटली टेबलावर मांडायची आणि म्हणायची, पोहून आलीस, भूक लागली असेल, आता बस. मग तिला बसून खावंच लागायचं. खोटं बोलायला फारसे शब्द लागत नसत. पाणी कसं होतं? बरं होतं. दम लागतो का? पूर्वीइतका नाही. धाकटी नातेवाइकांत कौतुकाने सांगायची की आमची वहिनी रोज पोहते. हे कानावर आलं की दुसऱ्या दिवशी ती आणखी थोडा वेळ बाकावर बसायची.

एका सकाळी तलावाचं फाटक बंद होतं. दुरुस्ती आणि रंगकाम, आठवडाभर तलाव बंद, अशी पाटी लावलेली. गजांतून आत पाहिलं तर पाणी सोडून दिलेलं, निळा रिकामा खड्डा आणि तळाशी उभे दोन रंगारी. ती पिशवी घेऊन तशीच उभी राहिली. घरी जावं आणि सांगावं, आज बंद आहे. इतकी साधी गोष्ट होती. पण मग आठवडाभर ते बसणंही गेलं असतं. ती जवळच्या बागेत गेली, बाकावर बसली, आणि निघताना झाडांना पाणी घालायच्या नळाखाली डोकं धरलं. माळी पाईप हातात धरून बघत राहिला. तिला वाटलं, ह्याला काहीतरी सांगायला हवं. तिने केस पिळले आणि वाट धरली.

असा तो आठवडा गेला. त्यात एकदा धाकटीने विचारलं, आज उशीर झाला का, तेव्हा ती म्हणाली की तलावावर गर्दी होती. धाकटीने चहा गाळता गाळता मान वर केली, पुन्हा खाली घातली.

महिन्याच्या तपासणीला नवरा बरोबर आला. रक्तदाब जागचा हललेला नव्हता, वजन किंचित वाढलेलंच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रोज पोहता ना? ती हो म्हणाली. त्यांच्या कपाळावर आठी पडली. रोज इतका व्यायाम करून असं व्हायला नको, म्हणाल्या, आपण आतलं काही नाही ना बघून घेऊ, आणि मोठ्या इस्पितळातल्या तपासण्या लिहून दिल्या. परतीच्या वाटेवर रस्ता ओलांडताना नवऱ्याने तिचा दंड धरला. कित्येक वर्षांत धरला नव्हता. घरी आल्यावर डेपोत फोन करून त्याने तपासण्यांच्या दिवसापुरती रजा मागितली तेव्हा त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो कामावर गेला, सकाळी धाकटी आली, आणि ती पिशवी घेऊन बाहेर पडली. कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत फिरली. धाकटी मागच्या गॅलरीत चादरी वाळत घालत होती. तिने पिशवी जमिनीवर ठेवली.

"मी पोहत नाही," ती म्हणाली. "एकही दिवस पोहलेली नाही."

धाकटीने चादरीचं टोक झटकून सरळ केलं.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तलाव रिकामा होता तेव्हापासून. माझ्या गच्चीवरून दिसतो तो. तू म्हणालीस, आज गर्दी होती. मी म्हटलं, असेल, रंगाऱ्यांची."

एरवी दोघी हसल्या असत्या. तिने पायरीवर बसकण मारली. धाकटीने चिमटे लावले, उरलेले हातात खेळवत उभी राहिली. मग तिने विचारलं की इतके दिवस करतेस तरी काय, तर ती म्हणाली, बसते. नुसती बसते. मला उठवतच नाही गं. सगळ्यांना वाटतं इच्छा नाही. इच्छा आहे, रोज रात्री असते. सकाळी ती कुठे जाते कळत नाही. हे सगळं ती पायरीच्या कडेला बोट घासत सांगत होती.

"मी आज त्याला सांगते," ती शेवटी म्हणाली. "तपासण्या नकोत, रजा नको. आणि तूही उद्यापासून येऊ नकोस. माझ्यासाठी रोज झोप मोडतेस."

धाकटीच्या हातातले चिमटे वाजायचे थांबले.

"दादाला सांग. बिचारा घाबरलाय," ती म्हणाली. "पण माझं येणं बंद करू नकोस, वहिनी."

"अगं, पण कशासाठी?"

धाकटी खाली बसली. तिच्याच पायरीवर, पण थोडं अंतर ठेवून.

"आई हाक मारते मला."

"हाक?"

"शब्द नाही. घशातून काहीतरी काढते. पण मला बघूनच काढते. मी केस विंचरायला घेतले की सुरू होतं. परवा मी मुद्दाम उठून दाराआड गेले, तर पुन्हा तसंच केलं." तिने आवाज खाली आणला. "तुझी चाहूल लागली की गप्प होते. का ते नाही माहीत."

ती धाकटीकडे बघत राहिली. झटका आल्यापासून रोज तिनेच त्या ओठांशी चमचा नेला होता. डॉक्टर म्हणाले होते, बोलत राहा, कदाचित एखादा शब्द परत येईल. सुरुवातीला ती बोलायची. मग कामाच्या धबडग्यात बोलणं मागे पडलं, हात तेवढे चालू राहिले. ह्यात दोष कुणाचाच नव्हता, तरी काहीतरी टोचलं.

"हे आधी का नाही बोललीस?"

"तू पोहत नाहीस हे बोलले असते तर तू जाणं बंद केलं असतंस," धाकटी म्हणाली. "मग मी कशाच्या निमित्ताने आले असते? ह्या घरात मला निमित्त लागतं."

आतून पलंगावर हात आपटल्याचा आवाज आला. दोघीही उठल्या. मग ती थांबली, आणि धाकटी आत गेली.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ओरडेल अशी तिने तयारी ठेवली होती. त्याने हात धुण्याच्या साबणाने नखांतलं काळं वंगण काढता काढता सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं, म्हणजे तुला आत काही झालेलं नाही? ती नाही म्हणाली. त्याने हुश्श केलं, तोंडावर पाण्याचा हबका मारला आणि टॉवेलात तोंड ठेवून बराच वेळ तसाच उभा राहिला. मग टॉवेलातूनच म्हणाला, इतकी दमली होतीस तर मला कळायला हवं होतं. त्या रात्री त्याने तिच्यासाठी ताट वाढलं, आणि आईच्या खोलीचं दार त्याने स्वतःच्या खुर्चीवरून दिसेल इतकं उघडं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी नेहमीच्या वेळेला आली. कालचं कुणीच काढलं नाही. धाकटीने तिला पिशवीविना निघताना पाहिलं आणि फक्त जाताना कचरा घेऊन जायला सांगितलं.

बाहेर पडल्यावर कुठे जायचं हे तिने ठरवलं नव्हतं. बसची वाट न बघता ती चालत निघाली. अंग तसंच जड होतं, कालच्यापेक्षा जरासुद्धा हलकं नव्हतं. दुकानांची शटर्स वर जात होती. एका चौकात ती टेकायला जागा शोधत थांबली, पण कट्टा ओला होता, म्हणून पुढे गेली. शाळेच्या भिंतीपर्यंत जाऊन ती वळली आणि सावकाश परत आली.

जिना चढून ती दारापाशी पोहोचली तेव्हा तिची नेहमीची वेळ झाली होती. तिने बेलकडे हात नेला. आत धाकटी काहीतरी सांगत होती, लहानपणची कुठलीशी गोष्ट, कुणीतरी कुणाची चप्पल लपवल्याची. मध्येच ती थांबली. मग दुसरा आवाज आला. खरखरीत, ओढून काढल्यासारखा, मध्येच तुटलेला. तो शब्द नव्हता, पण त्याला शेवटी एक हेल होता, आणि त्या हेलावर धाकटी खळखळून हसली.

"हो गं," धाकटी म्हणाली. "मीच लपवली होती."

तिचा हात बेलच्या जवळ तसाच होता. लॅबमध्ये आज दोन कवळ्या द्यायच्या होत्या, चहा व्हायचा होता, गुडघे ठणकत होते. तिने हात खाली घेतला. पायांचा आवाज होऊ नये म्हणून कठड्याला धरून ती एकेक पायरी उतरली, आणि रस्त्याला लागल्यावर शाळेकडे न जाता उलट्या बाजूला वळली. तो रस्ता लांबचा होता.