फलकावरचा शब्द

उज्जैनात मराठी माणसांची दोन गणेश मंडळं का, असं कुणी विचारलं तर सांगायचीसुद्धा लाज वाटते. प्रसादाला पोहे की साबुदाण्याची खिचडी, एवढ्यावरून भांडण! जुन्या दरबारी घराण्यातले भय्यासाहेब पोह्यांच्या बाजूचे, तर रेल्वेच्या नोकरीपायी जळगावहून आलेले विनायकराव खिचडीच्या. झालं! दोघे जिवलग मित्र आपापल्या मंडळाचे अध्यक्ष झाले आणि बोलेनासे झाले.

पुढे पोरं पुण्याला गेली, आरतीला माणसं पुरेनात, तेव्हा मंडळं पुन्हा एक करायचं ठरलं. कापडछपाईच्या भैरवगढहून छापून आणायच्या फलकावर या एक होण्यासाठी कोणता शब्द घालायचा, तेवढं दोघा अध्यक्षांवर सोपवलं. त्यांना डावलायची कुणाची छाती होती!

विनायकराव रोज संध्याकाळी भय्यासाहेबांच्या ओट्यावर येऊन बसू लागले.

"'पुनर्मीलन' लिहू. एकदम बढिया!" भय्यासाहेब म्हणाले.

"म्हणजे मधे फाटलं होतं, हे गावभर सांगायचं? 'एकीकरण' लिहा."

"ते बँकांचं होतं, यार!"

"मग 'समेट'?"

"त्याला कोर्टकचेरीचा वास येतो."

"'जोडणी'?"

"गॅसचं कनेक्शन आहे का?"

भय्यासाहेबांच्या पत्नी सुलूताई चहा करून करून वैतागल्या. "अहो, एका शब्दापायी किती डोकं खाणार? गणपती तोंडावर आले!"

पण भय्यासाहेबांना हल्ली भूक लागायची, झोप लागायची, आणि दुपार कलली की त्यांचं सगळं लक्ष फाटकाकडे. विनायकरावांवाचून इतकी वर्षं किती सुनी गेली, हे त्यांना आत्ता कळत होतं.

एके दिवशी विनायकरावांनी आल्याआल्या हात जोडले. "हरलो, बाबा. तुमचं पुनर्मीलनच छापायला टाका. सुटलो एकदाचे! उद्यापासून माझी रोजची फेरी वाचली."

भय्यासाहेब ताडकन उठले.

"छे, छे! पुनर्मीलन नाही चालणार."

"अहो, तुमचाच शब्द ना?"

"असेल माझा! पण नीट विचार केला मी. पुनर्मीलन म्हणजे काय, एकदा भेटले, गळ्यात पडले, मामला खतम. आपल्याला रोज भेटणाऱ्यांचा शब्द पाहिजे."

विनायकरावांनी चपला काढल्या. मग ओट्यावर ऐसपैस मांडी घालून बसले.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "घाई नको. गणपती झाले की निवांत ठरवू."