बिघडलेलं पाकीट
पाच वाजता मुदत संपणार होती आणि चार वाजून दहा मिनिटं झाली तरी प्रियांकाचा नर्सिंगचा फॉर्म पडद्यावर अर्धाच उगवला होता. मालवणच्या बाजारात योगिनीचं सायबर कॅफे. सहा मशीन, एक लाइन. २००७ सालच्या त्या दुपारी ती लाइन अशी तुंबली होती की ओहोटीत रुतलेली होडी बरी.

"सहांतल्या एका मशीनाक व्हायरस लागलो," योगिनी म्हणाली. "ता एकसारखी पाकिटा फेकता."

"कोणाचा पाकीट?" प्रियांकाची आजी यमुनाबाई मासळीची रिकामी पाटी मांडीवर घेऊन बसली होती. तिने कमरेची पिशवी चाचपली.

"तसला नाय गो आजी. तारेतसून माहितीचे तुकडे जातत, तेंका पाकिटा म्हणतत."

ही पाकिटं उघडून दाखवणारा प्रोग्राम योगिनीकडे होता. पण आज चालू केला, की दहा मोजेपर्यंत कोसळायचा. तिने मशीनं दुरुस्त करणाऱ्या कुडाळच्या सुदेशला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"प्रोग्रामातच चूक आसा," सुदेश म्हणाला. "एका जातीचा पाकीट वेडावाकडा इला, की ता उघडताना तो मरता. नवी आवृत्ती इली आसा, उतरवून घे."

"खंयच्या लायनीवरून? तुझ्या?"

यमुनाबाईला राहवेना. "जाळ्यात इखारी केंड मासो गावलो तर मी तो कापतंय? बघतंय नि बाजूक टाकतंय. तुझो प्रोग्राम अधाशासारखो सगळाच कशाक कापता?"

सुदेश फोनवरून म्हणाला, "आजी म्हणता ता बरोबर. ती जात उघडू नको म्हणान सांग तेका. सेटिंगात तिच्याफुडे खूण आसा, ती काढून टाक."

खूण काढली. प्रोग्राम तगला. त्या जातीची पाकिटं आता न उघडता सरकत होती, पण पाठवणाऱ्याचा नंबर वरच होता. मशीन चार. सगळी चारचीच!

चारवर प्रियांका. जागा जाईल म्हणून सकाळपासून पाणी प्यायलाही न उठलेली.

"ऊठ!"

"मी उठूचंय नाय! माझो फॉर्म..."

आजीने दंड धरला, योगिनीने केबल उपटली. बाकीच्या पडद्यांवर पानं उमलली, अबोलीच्या वळेसराचा दोरा तुटून फुलं सुटावीत तशी. दोन नंबरवर बसून प्रियांकाने फॉर्म पुन्हा भरला. चार बावन्नला पावती आली.

योगिनी नवी आवृत्ती उतरवायला बसली. "आता तसला पाकीट उघडला तरी हो प्रोग्राम मरूचो नाय."

यमुनाबाईचं लक्ष नव्हतं. "फॉर्म गेलो?"

"गेलो गो आजी. कोल्हापुराक."

"म्हणजे आता तू पण जातलंस."

प्रियांका हसली. आजी पाटीची कड कुरवाळत राहिली. मग योगिनीच्या कानाशी वाकून हळूच म्हणाली, "तो फॉर्म परत आणूक येतलो काय गो?"