ताईची पसंती

लेखकमहाशयांच्या चारही कादंबऱ्या एकाच गल्लीत घडतात, आणि त्या सगळ्यांत आधी ऐकल्या त्यांच्या थोरल्या बहिणीने. ताई शिवणयंत्र चालवायची, हे शेजारी बसून प्रकरण वाचायचे. यंत्र थांबलं की हेही वाचता वाचता थांबायचे.

"दूधवाला असं बोलेल होय रे? कुठल्या नाटकातून उचललंस?"

हे नाक मुरडत पान फाडायचे. टीकाकारांनी ज्या भाषेला डोक्यावर घेतलं ती निम्मी ताईची होती, पण तेवढं सांगायचं मात्र प्रत्येक सत्कारात राहून गेलं.

नाव झालं, नावाच्या जोरावर नगराध्यक्षपद मिळालं. मग रस्ता रुंद करायचं ठरलं, आणि त्यात ती गल्लीच पाडावी लागणार होती. लोक ऐकेनात. साहेबांनी लेखणी उचलली आणि आवाहन लिहिलं: नवी इमारत, भरपूर उजेड, शेजारी मात्र तेच. लिहिताना त्यांना स्वतःलाही ते खरं वाटलं. लेखकाची खोड, दुसरं काय! नेहमीसारखं ताईला वाचून दाखवलं. तिने डोळे पुसले आणि संमतीची पहिली सही केली. तिचं बघून गल्लीने केली.

शेजारी गावभर पांगले. ताई एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर जाऊन पडली. तिथवर कपडे शिवायला टाकायला कोण चढतंय? यंत्रावर चादर पडली.

खुर्ची गेली, तेव्हा साहेबांना पुन्हा कादंबरी आठवली. पण पात्रं तोंड उघडायची ती भाषण ठोकायलाच. कान उपटणारं कुणीतरी हवं होतं. शेवटी कागद घेऊन ते जिने चढले. केल्याचं वाईट वाटत होतं, फार वाटत होतं. पण तिच्यासमोर ते बोलायला जीभ रेटेना. म्हणून सरळ वाचायलाच लागले.

"छान आहे," ताई म्हणाली.

यांना चैन पडेना. पुढच्या पानावर त्यांनी गिरणीवालीच्या तोंडी मुद्दाम एक वाक्य घुसडलं: "प्राणनाथ, आपल्या विरहाने मी व्याकूळ झाले आहे!" एरवी एवढ्यावर ताईने त्यांना घराबाहेर पिटाळलं असतं.

"हेही छान आहे."

"अगं ताई, गिरणीवाली असं बोलेल का? तूच सांग ना!"

"मला काय कळतंय रे त्यातलं? तू लिहिलंस म्हणजे बरोबरच असणार."

तिने पदराने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि हात पुढे केला.

"आण इकडे. सही कुठे करायची?"